साडूंचं अंतिम मत

साऱ्या रायपुरात माझ्या साडूंइतका सिनेमा कुणाला कळत नाही, आणि साऱ्या रायपुरात सिनेमाबद्दल त्यांच्याइतका गोंधळलेला माणूसही दुसरा नाही. ही दोन्ही मतं त्यांचीच. पहिलं त्यांनी मध्यंतरात समोसा खाताना सांगितलं आणि दुसरं सिनेमा सुटल्यावर स्टँडवरून स्कूटर काढताना. दोन्ही वेळा आवाज सारखाच ठाम होता, त्यामुळे कोणतं खरं धरावं ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही नीटसं कळलेलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे वडील रेल्वेत होते; गोंदियाहून बदलून आले ते इथलेच झाले. साडूंचा जन्म जुन्या रायपुरातल्या तात्यापारा वस्तीतला. घरची वऱ्हाडी, शेजारची छत्तीसगढी आणि दप्तरातली हिंदी अशा तीन भाषा त्यांच्या तोंडात एकाच घासात असतात. छत्तीसगढचं नवं राज्य झालं तेव्हा ते जुन्या शहरात साधे बाबू होते, आणि राजधानी नव्या रायपुरात हलली तसे फाइलींच्या गठ्ठ्यांबरोबर तेही मंत्रालयात हलले. मी अमरावतीहून इथल्या एका संस्थेत नोकरीला आलो तेव्हा मला घ्यायला ते स्टेशनावर हजर होते. माझी पेटी उचलता उचलता त्यांनी विचारलं, "भाऊ, मांगच्या हप्त्यात कोनता सिनेमा पाह्यला?" मी म्हटलं, कोणताच नाही. त्यांनी उचललेली पेटी परत खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बायकोच्या माहेरी आपली पत गेली हे मला फलाटावरच समजलं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारच्या खेळाला मी त्यांच्याबरोबर जातो. एका सिनेमाबद्दल साडूंची किमान तीन मतं होतात. मध्यंतरात एक, स्टँडवर त्याच्या उलटं, आणि सोमवारी सकाळी मंत्रालयाच्या स्टाफ बसमधून फोनवर तिसरं. जुन्या शहरातून नव्या रायपुरापर्यंत ती बस चांगली तासभर जाते. दोन्ही बाजूंना रुंद, रिकामे रस्ते आणि विजेचे खांब, दुसरं पाहायला काही नाही, त्यामुळे माणसाला आपल्या कालच्या मताचा फेरविचार करायला भरपूर सवड मिळते असं त्यांचं म्हणणं. एकदा मध्यंतरातच त्यांनी ताईंना, म्हणजे आपल्या बायकोला, फोन करून सांगितलं, "असा सिनेमा झाला नाही, तू पोट्टीले घेऊन संध्याकाळी येच." स्टँडवर त्यांनी तो सिनेमा टाकाऊ ठरवला. पण तोवर ताई लेकीला आणि शेजारच्या दोघींना घेऊन रिक्षात बसल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा साडू दारातच उभे होते. "माफ कर वं," ते म्हणाले. ताई म्हणाल्या, "काहून? चांगला तं होता." साडू तिथेच खाली पायरीवर बसले. त्या सिनेमाबद्दल त्यांची चार मतं झाली.

त्यांच्या पाहण्याचीही एक तऱ्हा आहे. ते नायकाकडे बघतच नाहीत. नायक-नायिका बागेत भांडत असतील तर साडूंचं लक्ष मागच्या बाकावर दाणे खाणाऱ्या म्हाताऱ्याकडे. "पाहा, पाहा, त्याने दाना तोंडात टाकला न चावलाच नाही! त्याले कोनी सांगतलंच नाही का त्याने काय करायचं आहे!" असं ते अंधारात मोठ्याने म्हणतात आणि चार रांगांतली माणसं नायक सोडून दाणे शोधू लागतात. नव्या रायपुरात एका छत्तीसगढी सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. रस्ते रिकामे, त्यामुळे असल्या मंडळींना ती जागा फार सोयीची. साडू जेवणाच्या सुट्टीत तिथे गेले आणि त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं, की तुमच्या दृश्यात मागे जे दोघं चालताहेत ते कुठून कुठे चालले आहेत हे त्यांना ठाऊक नाही. दिग्दर्शक म्हणाला, "भैया, आप ही चल के दिखा दो." साडू चालले. सहा वेळा चालले. सातव्या वेळी त्यांनाच प्रश्न पडला की आपण नेमके कुठे चाललो आहोत, आणि ते मधेच थांबून विचार करू लागले. मागून नायकाची मोटरसायकल येत होती. त्या दृश्यातून त्यांना हात धरून बाहेर काढण्यात आलं. मला सांगताना ते म्हणाले, "चूक माह्यीच होती भाऊ. पन दिग्दर्शकाले तरी कुठं मालूम होतं?"

असा माणूस स्वतः सिनेमा लिहीत असणार हे ओघानंच आलं. साडू अकरा वर्षांपासून एक पटकथा लिहीत होते आणि अकरा वर्षांपासून ती पहिल्याच सीनमध्ये होती. लिहायला सरकारी नोटशीटचा रद्दी कागद आणि भाषाही नोटशीटचीच. "नायक साइकिल से आता है। आने का कारण अस्पष्ट। अवलोकनार्थ प्रस्तुत।" हा कागद ते ज्याला त्याला देत आणि त्याचं अभिमत मागत. आणि इथेच सगळा घोटाळा होई, कारण त्यांना प्रत्येकाचं म्हणणं पटे. ताई म्हणाल्या, हिवाळ्याचे दिवस असतील तर त्याला स्वेटर घाला. दप्तरातले साहेब म्हणाले, सायकल नको, जीप पाहिजे. मी, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हटलं की बाईमाणूस जरा लवकर यायला हवं. पुढच्या रविवारी नवा मसुदा आला. त्यात स्वेटर घातलेला नायक जीपमधून उतरून सायकल शोधत होता आणि एक बाई त्याच्या आधीच येऊन बसली होती. "आता कसं वाटते?" त्यांनी विचारलं. मला ते वाईट वाटलं, मग गमतीचं वाटलं, आणि घरी येईपर्यंत शंका आली की हे कदाचित फार चांगलं असेल. त्यांच्या सहवासात माणसाचं असं होतं.

त्यांची मुलगी श्रुती. वडील मराठीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजतं. निदान तसं आम्ही धरून चाललो होतो. ती मास कम्युनिकेशन शिकत होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक लघुपट करायचा होता. श्रुतीनं घरी काही सांगितलं नाही. महिनाभर ती बसनं शहराबाहेरच्या बीरगांवला जात होती, आणि परत आली की तिच्या ओढणीवर काळी पूड असे. साडूंना वाटलं, मैत्रीण असेल तिकडे.

लघुपट कॉलेजच्या सभागृहात दाखवले जाणार होते. पालकांना बोलावलं होतं. साडूंनी शर्टाला कडक इस्त्री केली, खिशाला पेन लावलं आणि रिक्षात बसल्यापासून ते आजकालची पोरं कॅमेरा कशी उगाच हलवतात याविषयी मला सांगत राहिले. आधीचे दोन लघुपट झाले. दोन्हींबद्दल त्यांची मतं तयार झाली आणि पालटलीही. मग श्रुतीचा लागला.

चौदा मिनिटांचा होता. बीरगांवात एक बाई दोरीवर कपडे वाळत घालते. पलीकडे उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची धुराडी. ती आभाळाकडे पाहते, वारा फिरला की सगळे कपडे आत घेते, पुन्हा बाहेर आणते, पुन्हा आत घेते. नवऱ्याचा शर्ट, मुलांचे गणवेश, एक पिवळी साडी. कोणी फारसं बोलत नाही. शेवटी ती तीच पिवळी साडी नेसून कुठेतरी जायला निघते, पदरावर एक काळा ठिपका पाहते, तो आत खोचून घेते आणि जाते. संपलं.

मी शेजारी पाहिलं. साडू पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून बसले होते. चौदा मिनिटांत ते एक शब्द बोलले नव्हते. ते किती अघटित आहे हे सभागृहात फक्त मला आणि ताईंना ठाऊक होतं.

टाळ्या झाल्या. सूत्रसंचालक मुलगी म्हणाली, की श्रुतीचे बाबा सिनेमाचे मोठे जाणकार आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. साडू उठले. स्टेजवर गेले. माइक हातात घेतला. श्रुती पहिल्या रांगेत बसली होती. ती नकळत खुर्चीच्या कडेला सरकली. साडू बराच वेळ माइककडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मुझे समझ नहीं आया." मग माइक परत देऊन खाली उतरले आणि थेट दारातून बाहेर गेले.

मुलं हसली. वाईट हेतूनं नव्हे. त्यांना तो विनोद वाटला. श्रुती हसली नाही.

त्यानंतर घरात आठ दिवस अबोला. श्रुती खोलीत, साडू गच्चीवर, ताई मधल्या जिन्यात. नवव्या दिवशी ताईंनी मला बोलावलं. "तुमीच बोला त्याईच्याशी. माह्यं डोकं काम करून नाही राह्यलं," त्या म्हणाल्या. मी गच्चीवर गेलो. दुपार होती. साडू टाकीच्या सावलीत बसले होते.

"भाऊ, लेकीला असं काहून म्हटलं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत माझ्याही तोंडी 'काहून' बसलं आहे.

"मले खरंच समजलं नाही."

"इतका साधा सिनेमा?"

"सिनेमा समजला हो. पोरीनं केला कसा हे नाही समजलं. मी अकरा वर्षांपासून इचारून राह्यलो, नायक येते कुठून? जाते कुठं? हिनं एक बाई पाह्यली, कॅमेरा ठेवला. बस. मी आठ दिवस इथं बसून चूक शोधून राह्यलो, भाऊ. एक बी नाही सापडली."

"मग हे तर चांगलंच आहे."

"हव, चांगलंच आहे. पन चूक काढनं सोडून मले दुसरं येते काय? तिनं मले इचारलं, बाबा कसा वाटला, तं मी कोन म्हनून सांगू? आजलोग वाटत होतं, आपल्यात काही तरी आहे, फक्त बाहेर याले उशीर होऊन राह्यला. त्या दिवशी वाटलं, ते होतं, पन माह्यात नव्हतं."

तुमच्यातही आहे म्हणावं तर ते खोटं आहे की खरं हे मला माहीत नव्हतं, आणि तुमच्यातूनच तिच्यात आलं म्हणावं तर ते एखाद्या वाईट सिनेमातल्या संवादासारखं झालं असतं आणि साडूंनी ते लगेच पकडलं असतं. मी उठलो. खाली आलो तेव्हा श्रुती जिन्यात आईजवळ उभी होती. गच्चीचं दार उघडंच होतं, त्यामुळे तिनं सगळं ऐकलं होतं.

"मौसाजी," ती म्हणाली, "गलती नहीं मिली, तो इतना बोल देते ना."

"त्यांना तेच तर बोलता येत नाही," मी म्हटलं.

ती खोलीत गेली, लॅपटॉप घेऊन आली आणि आमच्यापुढून गच्चीवर चढली. मी आणि ताई दबक्या पावलांनी मागोमाग. तिनं लॅपटॉप साडूंच्या मांडीवर ठेवला. "बाबा, एक शॉट है. बाई पल्लू खोंसने के बाद रुकती है. काटूँ कि रखूँ? चार दिन से मुझे समझ नहीं आ रहा."

साडूंनी चष्मा पुसला. पाहिलं. "ठेव," ते म्हणाले. परत पाहिलं. "नाही, काप." तिसऱ्यांदा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "थांब वं. ठेवला तं ती आपल्यासाठी थांबली असं वाटते. कापला तं तिले घाई आहे असं वाटते. तिले घाई होती का?"

"पता नहीं बाबा. मैंने पूछा ही नहीं."

"मंग तुले पन नाही मालूम?"

"नहीं मालूम. मुझे तो पूरी पिक्चर का नहीं मालूम, अच्छी है कि बुरी."

साडूंनी लेकीकडे पाहिलं. "खरंच नाही मालूम? का माह्यासाठी म्हनून राह्यली?" तिचे डोळे भरले होते. साडूंनी घाईघाईनं नजर लॅपटॉपकडे वळवली आणि म्हणाले, "पुन्हा लाव."

तो तुकडा त्यांनी किती वेळा पाहिला ते मी मोजलं नाही. ताई दोनदा चहा घेऊन आल्या. दोघांची भांडणं झाली, बाजू बदलल्या, ती म्हणे काटो, ते म्हणत ठेव, मग ते म्हणत काप आणि ती म्हणे रहने दो. मला त्या दोन्हींत काडीचा फरक दिसत नव्हता. शेवटी तो शॉट अर्धा ठेवला. श्रुतीनं नामावलीत त्यांचं नाव घालते म्हटलं तेव्हा ते खेकसले, "काय म्हनून घालशीन? लोक इचारतीन, यानं काय केलं?"

श्रुती आता हैदराबादला असते, दुसऱ्यांचे सिनेमे कापायच्या-जोडायच्या कामावर. साडू आणि मी रविवारी अजूनही जातो. मध्यंतरात ते समोसा खातात आणि बोलत नाहीत. स्टँडवर मीच विचारतो, कसा वाटला? ते म्हणतात, "पाहू." इतकी वर्षं त्यांच्या मतांना कंटाळलो म्हणणारा मी, आता स्कूटर सुरू व्हायची वाट पाहत उभा असतो आणि मला चुकल्यासारखं होतं. पटकथेचं काय झालं हे मी विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही.

परवा सकाळी अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला. स्टाफ बस मंत्रालयाच्या दोन चौक आधी बंद पडली होती आणि बाकीचे चालत पुढे गेले होते.

"भाऊ, इथं एक बाई आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "रस्त्याच्या मधातल्या झाडाईले पाइपनं पानी देऊन राह्यली. पूर्‍या रस्त्यावर कोनी नाही."

"मग?"

"मंग काही नाही. एका झाडाले देते, दुसऱ्याकडे जाते, न मंग वापस येऊन पह्यल्यालेच देते. काहून, ते नाही समजलं."

त्यांना ऑफिसला उशीर होतोय, हे सांगावंसं मला वाटलं आणि वाटलंही नाही. फोन ठेवायचं त्यांना सुचलं नाही, मलाही नाही. तिकडून बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता.