पक्क्या बिलाचा फोन

बनारसात मोबाइल आला तेव्हा शहाण्या माणसांनी तो चौकामागच्या गल्लीतून घेतला. नेपाळमार्गे चोरून आलेला माल, ना बिल ना वॉरंटी, पण चांगलाच स्वस्त. रत्नाकर मुळे मात्र बँकेतली नोकरी सोडून कंपनीचा माल विकायला बसला. लोक त्याच्या दुकानात येत, फोन हाताळत, बटणं कशी दाबायची ते शिकून घेत, वर चहा पीत आणि "सोचके बताते हैं" म्हणून थेट गल्ली गाठत. तिथल्या फोनमध्ये सिमकार्ड बसवायला पुन्हा याच्याकडेच! बायको, शरदिनी, म्हणे, "अहो, तुम्हीपण ठेवा की गल्लीतला माल. कौन पूछता है?" पण हा पठ्ठ्या ऐकेल तर शपथ. "मुळ्यांकडचं ते अस्सल" असं लोक म्हणत, आणि घेत काहीच नसत.

एक ब्रह्मा घाटावरचे ढुंढिराजशास्त्री तेवढे अपवाद. त्यांचे महाराष्ट्रातले यजमान म्हातारे झाले होते, काशीला येणं आता त्यांच्यानं होत नव्हतं. त्यांनी घरी फोनला कान लावून संकल्प ऐकावा, नाव-गोत्र आपल्या तोंडानं सांगावं आणि शास्त्रीबोवांनी घाटावर पिंड द्यावेत, अशी युक्ती त्यांनी काढली होती.

"पण यंत्र न्यायानं आलेलं हवं, रत्नाकर," ते म्हणाले. "श्राद्धात अन्यायाचं द्रव्य शिरलं की पितरांना पोचत नाही. म्हणून तर तुझ्याकडं आलो. और एक बात, अनंत चतुर्दशीच्या आत दे. पितृपक्षात मी नवी वस्तू घेत नाही."

लखनौहून माल येणार होता, तो आला नाही. चतुर्दशीच्या सकाळी "माल नाही" एवढंच सांगायचं होतं. शास्त्रीबोवा रागावले नसते. पण एकच गिऱ्हाईक आणि त्यालाही द्यायला फोन नाही, हे गावभर झालं असतं. अभिमान फार वाईट. रत्नाकर आयुष्यात पहिल्यांदा त्या गल्लीत शिरला, तसाच दिसणारा फोन घेऊन आला, कंपनीच्या रिकाम्या खोक्यात घातला आणि आपल्या वळणदार अक्षरात पक्कं बिल लिहून दिलं. शास्त्रीबोवांनी ते कपाळाला लावलं. त्याला तिथंच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता फोन बिघडावा म्हणून तो देवाला विनवू लागला. बिघडला की वॉरंटीच्या नावाखाली बदलून देता येईल, म्हणजे निदान पुढची श्राद्धं तरी शुद्ध होतील. पण मेला फोन बिघडेना! चार दिवसांनी कंपनीचा माल आला तेव्हा रत्नाकर नवा फोन घेऊन धावला.

"पक्षात नवी वस्तू? छे!" शास्त्रीबोवा हसले. "आणि याला काय धाड भरलीय? घंटेसारखा वाजतो."

सर्वपित्रीला त्याला राहवेना. काय व्हायचं ते होवो, आज सांगायचंच असं ठरवून तो घाटावर गेला. शास्त्रीबोवा वरच्या पायऱ्यांवर, जिथं रेंज मिळे तिथं, नुकतं पिंडदान आटोपून बसले होते. फोनवर सांगलीच्या सीताबाई होत्या. त्यांचा तरणा मुलगा पुरात गेलेला, मागं कोणी करणारं नाही. इतक्या वर्षांत काशीत त्याच्या नावानं पहिल्यांदाच काही झालं होतं.

"हा बघा, फोन देणाराच आला!" म्हणत शास्त्रीबोवांनी फोन रत्नाकरच्या हातात दिला.

"तुम्हीच का हो ते?" म्हातारी रडत होती. "शास्त्रीबोवा म्हणाले, फोनसुद्धा सचोटीच्या माणसाकडचा आहे. बाळा, खरं सांग, पोचलं असेल ना रे माझ्या लेकाला?"

समोर शास्त्रीबोवा कौतुकानं बघत होते. रत्नाकर जे सांगायला आला होता ते सगळं तयार होतं. पण ते आता बोलणं म्हणजे या बाईच्या लेकाच्या तोंडचा घास काढून घेणं.

"पोचलं, आजी," तो म्हणाला.

गल्लीतला फोन विकताना तो शास्त्रीबोवांशी खोटं बोलला होता. ते फेडता आलं असतं. हे दुसरं कुणाला जाऊन सांगणार?