भिंगापुढे धरलेला हात

सई, ईशान,

गेल्या महिन्यात तुम्ही रोमहून फोटो पाठवलात. मोठ्या चर्चमधला काचेमागचा संगमरवरी पुतळा, मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आई, आणि पुढे तुम्ही दोघं थंडीचे कोट घालून. खाली सईनं लिहिलं होतं, ‘आजी, तू हे पाहायला हवं होतंस. फोटोत कळत नाही.’ मी उत्तर दिलं नाही. आजीला मोबाइलवर लिहिता येत नाही असं तुम्हाला वाटलं असेल, पण कारण ते नव्हतं. त्याच दुपारी नेरहून रामटेके मास्तरांच्या मुलीचा फोन आला होता. मास्तर गेले. नव्वदी ओलांडलेला माणूस, सकाळचा चहा घेऊन पुन्हा आडवा झाला तो उठलाच नाही. पुढे कुठल्याशा पुरवणीत त्यांच्यावर चार ओळी छापून आल्या. मास्तर युरोपातल्या चित्रकलेवरचे माहितीपट दाखवत, पण ‘संकोची स्वभावामुळे’ नको त्या चित्रांवर हात धरत, असं त्यात होतं. ही अर्धी गोष्ट आहे. अर्ध्या गोष्टीवरूनच आपल्या वणी गावानं त्या माणसाचा संशय घेतला होता, आणि मीही घेतला होता. ज्या पुतळ्यापुढे तुम्ही उभे होतात तो मी साठ वर्षांपूर्वी आपल्या घरात पाहिला आहे. कसा, ते पूर्ण सांगते.

मी नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि एकसष्ट साली लग्न होऊन वणीला आले. तुमचे आजोबा तेव्हा नवे वकील होते. घरात माझ्या सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणत. आणखी एक माणूस घरात होतं आणि नव्हतं. आजोबांचा धाकटा भाऊ वसंता. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी, अठरा वर्षांचा असताना, तो निर्गुडा नदीच्या पुरात वाहून गेला होता. मी त्याला पाहिलेलं नाही. त्याचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता, कारण माईंनी तो पेटीच्या तळाशी घातला होता. त्याचं नाव घरात उच्चारायचं नाही, हा नियम मला पहिल्याच आठवड्यात एका चुलत जावेनं कानात सांगितला. माई रडताना मला कधी दिसल्या नाहीत. संध्याकाळी वाती वळत बसायच्या, कोण आलं कोण गेलं यावर नजर ठेवायच्या, आणि प्रत्येकाच्या हेतूबद्दल त्यांना शंका असायची. त्या बाबतीत आमचं दोघींचं चांगलं जमलं.

रामटेके मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यांचं सगळं घर बौद्ध झालं होतं. बारीक अंगाचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांच्या पेरांना कायम रंग. त्यांना कुठूनसं कळलं होतं की मुंबईतलं एक परदेशी वाचनालय कलेवरचे माहितीपट फुकट पाठवतं, फक्त परतीचं पार्सल आपण करायचं. शेतकऱ्यांना कंपोस्ट खताचे सिनेमे दाखवणारं यंत्र ब्लॉकच्या सरकारी ऑफिसात होतं. ते रविवारी रिकामं असे. मास्तरांनी ते मागून घेतलं. शाळेच्या हेडमास्तरांनी हॉल द्यायला नकार दिला तेव्हा आजोबा म्हणाले, “आमच्या बैठकीत दाखवा.” मास्तरांनी बैठकीच्या समोरच्या भिंतीवर चुन्याचे चार हात देऊन एक मोठा चौकोन पांढरा केला आणि भोवती काळी पट्टी ओढली. माईंनी ते उभ्या उभ्या पाहिलं आणि मला म्हणाल्या, “आज यानं भिंत घेतली, उद्या घर घेईन.” मास्तरांना चहा मिळायचा, पण वेगळ्या कपात. तो कप खिडकीच्या कोनाड्यात पालथा असे.

गोल पत्र्याच्या डब्यांतून रिळं रेल्वे पार्सलानं यायची. सोबत निवेदनाचे छापील इंग्रजी कागद असत. मी ते आधी वाचून ठेवायची आणि सिनेमा चालू असताना मराठीत सांगायची. यंत्रातला दिवा महाग, म्हणून मला आधी चित्रं पाहायला मिळत नसत. मास्तर तेवढे ब्लॉकच्या ऑफिसात एकदा पाहून येत. अशा रीतीनं माईंसकट वणीच्या पंचवीस-तीस माणसांनी गुहेतले रेडे पाहिले, ग्रीकांचे खांब पाहिले, हॉलंडमधल्या दूध ओतणाऱ्या बाया पाहिल्या, आणि पुढे पुढे तर नाक एकीकडे अन् डोळा दुसरीकडे असलेले चेहरेही पाहिले. बरीचशी रिळं काळी-पांढरीच होती. निवेदक ‘तांबडा’ म्हणाला की मी तांबडा म्हणायची, आणि यंत्रामागून मास्तर विचारायचे, “वहिनी, कोणता तांबडा? पळसाचा का विटेचा?” कागदावर ते लिहिलेलं नसे. मग ते स्वतःच सांगायचे, “पळसाचा समजा.” लोक समजायचे.

नागडं चित्र आलं की मास्तर भिंगापुढे तळहात आडवा धरत. भिंतीवर अंधार, कडेला बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड, आणि इंग्रजी आवाज मात्र चालूच. सगळे माझ्याकडे वळायचे.

“आता काय सांगून राह्यला तो?”

“दगडाचं सांगतोय.”

“दगडाचं एवढा वेळ?”

हात काढायचे तेव्हा सगळे नव्यानं डोळे चोळून बघायचे, जणू मघाचं काही उरलं असेल. आजोबा एकदा म्हणाले होते, “उघड्या गोष्टीला दोन साक्षीदार मिळतात, झाकलेल्या गोष्टीला अख्खं गाव.” तसंच झालं. हाताखाली काय असतं यावर बाजारात चर्चा सुरू झाली. शाळेच्या कमिटीवर गुलाबसेठ होते, सरकीचे व्यापारी. ते आमच्याच बैठकीत पान लावता लावता म्हणाले, “फुकट कोण देते जी? अन् त्याच्यात पाहा तं अर्धे पिक्चर येशूचे. हा मास्तर एकदा धर्म बदलून बसला, दुसऱ्यांदा बदलाले काय वेळ लागते? अन् आपले पोट्टे घेऊन जाईन संगं.”

मला ते हास्यास्पद वाटलं. पण मग ते इटलीचं रीळ आलं. सोबतच्या कागदात त्या पुतळ्याचा पूर्ण परिच्छेद होता. आई, तिच्या मांडीवर मेलेला तरुण मुलगा, घासून चकचकीत केलेला संगमरवर. त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. तरी दिवेलागणीपूर्वी मास्तर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “वहिनी, या जागी फक्त दगडाचं सांगा. आईचं, मुलाचं राहू द्या.” मी विचारलं, का? ते म्हणाले, “राहू द्या...” आणि सिनेमात ती जागा आली तेव्हा त्यांचा हात वर गेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. मी दगडाचं सांगत राहिले आणि मनात म्हणत राहिले, गुलाबसेठ खरं बोलतात की काय? नागड्या चित्रांवरचा हात लोकांसाठी, हे कळत होतं. हा कोणासाठी? येशूचं चित्र आहे हे लपवायचं, तर मग मागवायचं कशाला?

ते रीळ आमच्याकडे पुढच्या रविवारपर्यंत होतं. आठवड्यात गुलाबसेठनी कमिटीत अर्ज दिला. म्हणणं असं, की कमिटीसमोर तेच रीळ हात न धरता दाखवावं, आणि त्यात धर्मप्रचार निघाला तर मास्तरांना काढावं. मास्तर आजोबांकडे आले. बायको, दोन लहान मुली, वडील अंथरुणाला खिळलेले. नोकरी गेली तर पुन्हा दुसऱ्याच्या वावरात. आजोबा म्हणाले, “दाखवून टाका, प्रश्न मिटला.”

“दाखवतो वकीलसाहेब. फक्त त्या दिवशी माई नको बैठकीत.”

मी दारातच होते. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आतून वातींचं तबक खाली ठेवल्याचा आवाज आला.

“काहून जी मास्तर?” माई आतूनच म्हणाल्या. “माह्याच घरात मलेच बंदी? असं काय हाय त्याच्यात, जे गुलाब्या पाहू शकते अन् म्या नाई?”

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणारा माणूस किती दोषी दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

रविवारी कमिटीची मंडळी आली. माई सगळ्यांच्या पुढे, भिंतीपासून हातभर अंतरावर पाट टाकून बसल्या. रीळ सुरू झालं. घुमट, रंगवलेली छतं, मग ती जागा... आणि मास्तरांचा हात वर गेला. ठरवून नसावा. सवयीनंच गेला असावा.

“पाहा! पाहा!” गुलाबसेठ उठून उभे राहिले. “कबूल करूनही हात! आता तरी पटलं का नाई?”

“मास्तर, हात काढा,” आजोबा म्हणाले.

“वकीलसाहेब, एवढं एक जाऊ द्या.”

“हात काढ मास्तर,” माई म्हणाल्या.

“नका पाहू, माई.”

त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. माई उठल्या. खुर्च्यांमधून वाट काढत यंत्रापाशी गेल्या, आणि ज्या माणसाला त्यांनी कधी आपल्या कपात चहा दिला नव्हता, त्याचं मनगट धरून त्यांनी हात खाली केला.

भिंतीवर ती आई आली. काळी-पांढरी, चुन्याच्या खडबडीत पोतामुळे थोडी रवाळ. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली, मुलाच्या लोंबत्या हातापर्यंत आला. निवेदक इंग्रजीत बोलत होता. मी बोलत नव्हते. कोणीच मला विचारलं नाही. माईंनी मास्तरांचं मनगट सोडलेलं नव्हतं.

“एवढा मोठा पोरगा,” माई म्हणाल्या, “मांडीवर मावला कसा जी?”

मास्तरांनी मोकळ्या हातानं भिंतीकडे दाखवलं. मग म्हणाले, “माई, त्या कारागिरानं आईच मोठी केली. ती उभी राहिली तं पोराच्या डोक्यावरून जाईन. बसली हाय म्हणून समजत नाही.”

“मले नाई घेऊ दिला,” माई म्हणाल्या. “चार जणांनी नदीवरून आणला, तसाच नेला. म्हणत होते, पाहू नको, फुगला हाय. वसंता लय उंच होता. म्हणे, तुह्या मांडीवर कसा मावन...” आणि मग, कोणालाच उद्देशून नाही, “बरोबर केलं त्यानं. आईच मोठी पाहिजे.”

दोन वर्षांत पहिल्यांदा ते नाव मी माईंच्या तोंडून ऐकलं. आजोबांनी तेव्हा मला कानाशी सांगितलं की वसंता मास्तरांचा विद्यार्थी होता, आणि नदीवरून त्याला आणणाऱ्या चौघांत मास्तर होते. हात कोणासाठी होता, तेही कळलं. रीळ संपलं तेव्हा दिवा लावायला कोणी उठेना. गुलाबसेठ टोपी चाचपत म्हणाले, “असं होतं तं सांगाचं ना बाप्पा आधीच.” कसं सांगणार होते? ज्या घरात ते नाव घ्यायचं नाही, त्या घरात बसून?

इथं थांबले तर गोष्ट गोड होईल, पण तुम्हाला अर्धी गोष्ट द्यायची नाही असं मी म्हटलं आहे. माईंनी दुसऱ्या दिवशी पेटीतून वसंताचा फोटो काढला आणि देवघराच्या बाजूला लावला. मास्तरांचा कप मात्र आणखी काही वर्षं खिडकीतच राहिला. हात धरला होता, तो माईंना वेगळा वाटला असावा, कप वेगळा. मी विचारलं नाही, आणि मास्तर त्याच कपातून चहा पीत राहिले. एक दिवस तो कप फुटला आणि दुसरा आणला गेला नाही. आपोआप फुटला असं माई म्हणाल्या. मला त्याचाही संशय आहे.

कमिटीनं अर्ज निकालात काढला. तरी पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांची बदली नेरच्या शाळेत झाली. संस्थेची सोय, असं कारण सांगितलं गेलं. गुलाबसेठ अगदी स्टँडवर पोचवायला आले होते, नारळ घेऊन. त्या नारळावर मी अजून विश्वास ठेवलेला नाही. मास्तर गेले तसे सिनेमे बंद पडले, कारण यंत्र मागायला दुसरं कोणी जाईना.

नेरला मी त्यांना शेवटचं भेटले ती गेल्या दिवाळीनंतर. डोळे अधू झाले होते. खिडकीतून तिरपं ऊन तोंडावर येत होतं. बोलता बोलता त्यांनी डोळ्यांपुढे तळहात आडवा धरला. बोटांच्या कडा लाल झाल्या. मी म्हटलं, “मास्तर, आता कोणापासून लपवता?” ते हसले. म्हणाले, “वहिनी, पुऱ्या गावानं हात पाहिला. हाताखालचं फक्त माईनं पाहिलं.”

मी म्हटलं, मीही पाहिलं होतं.

“तुम्ही वाचलं होतं,” ते म्हणाले.

म्हणून, सई, तुझ्या फोटोला उत्तर असं की मी तो पुतळा पाहिला आहे, आणि तो फोटोत कळत नाही हे तुझं म्हणणं खरं आहे. आपलं वणीचं घर आता भाड्यानं दिलं आहे. भिंतींना दर दोन वर्षांनी रंग लागतो, गेल्या खेपेला पोपटी लागला. बैठकीतला चौकोन पांढराच ठेवायचा आणि त्यावर खिळा मारायचा नाही, अशी अट माईंनी घातली होती. ती मी भाडेकरूंनाही घातली आहे. ते विचारतात, तिथं काय होतं? भोवतीची काळी पट्टी दोन ठिकाणी पुसली गेली आहे. चौकोन आहे.