टाकीतला जुना गाळ

मंडळी, आज पार थकलोय, तरी लिहितो.

कासारवाडीहून चाकणला कंपनीची माणसं नेणारी माझी जुनी बस आज सकाळी मोशीच्या पुढे बंद पडली. गेल्या आठवड्यापासून मी बायोडिझेल मिसळलेलं डिझेल भरतोय. धूर कमी झाला म्हणून खूश होतो. पण या तेलानं टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ सुटला आणि थेट फिल्टरमध्ये जाऊन बसला.

रस्त्याकडेला फिल्टर बदलून, डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा काढेपर्यंत मागून आवाज येतच होते. "भाऊ, कशाला नसते उद्योग करता? साधं डिझेलच टाका की!"

गाळ साध्या डिझेलचाच होता राव, पण ऐकतो कोण?

पर्मनंट लोकांचं लेट मार्कवर भागलं. कदमताई कंत्राटी, त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. परतीच्या रिकाम्या बसमध्ये त्या एकट्याच. वाटलं, आता चार शब्द सुनावतील. पण उतरताना एवढंच म्हणाल्या, "उद्या वेळेत पोचू ना, भाऊ?"

हो म्हणालो. खात्री कुठाय?

बायोडिझेल वापरणाऱ्यांनो, खरं सांगा, हा जुना गाळ संपतो तरी कधी?