विहीणबाईंनी तिसऱ्यांदा बघितलेला सिनेमा

सिनेमा बघून मी आजवर रडलेली नाही. आई म्हणायची, तुझं लग्न झालेलं नाही ना, म्हणून. लग्नाचा आणि रडण्याचा संबंध ती इतक्या सहज जोडायची, की लग्नाच्या बाजारात उभं राहायची माझी उरलीसुरली इच्छाही तिथेच मेली. आम्ही मलकापुरात राहायचो, मी कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करायची आणि सिनेमाबद्दल माझं मत घरात कुणी विचारायचं नाही. तरी मी द्यायची.

नव्वदीच्या सुरुवातीची दिवाळी. आमच्या गल्लीत दिवाळीच्या सुट्टीत व्हीसीआर भाड्यानं आणायची रीत होती. फराळ जसा व्हायलाच हवा, तसा व्हीसीआर यायलाच हवा. सोबत तीन कॅसेटी. एक बापयांच्या आवडीची, एक पोरासोरांची, एक सगळ्यांनी मिळून बघायची. त्या वर्षी टीव्ही आमच्या सोप्यात मांडला होता, त्यामुळे गल्लीतली सगळी पोरं, त्यांच्या आया आणि त्यांच्या चपला आमच्या दारात.

पहिली कॅसेट वडिलांची. वडील फौजेतून रिटायर झालेले, म्हणून लढाईचा सिनेमा. त्यात नायकाला छातीत गोळ्या लागतात आणि तो आईला उद्देशून असं लांबलचक भाषण करतो, की तेवढ्या वेळात त्याला सरहद्दीवरून उचलून आमच्या मिरजेच्या दवाखान्यात आणला असता तरी वाचला असता. त्याचे दोस्त भोवती उभे राहून ऐकत असतात, पट्टी बांधायचं एकालाही सुचत नाही. वडिलांनी सगळी नोकरी फौजेच्या भांडारात घोंगड्या आणि बूट वाटण्यात काढली, पण त्या भाषणाला ते खुर्चीत ताठ झाले. मी हसले तर म्हणाले, "तुला देश म्हंजे काय ते कळायचं न्हाई." मला देश कळत होता. तो नट कळत नव्हता.

दुसरा पोरांचा, परदेशी, हिंदीत बोलणारा. तळ्यात एक मगर आणि काठावर बरीच गोरी माणसं. 'पाण्यात जाऊ नका' असं म्हणून प्रत्येकजण पाण्यात जातो. मगर तेवढी गप्प राहून आपलं काम करत होती. त्या दिवाळीत मी बघितलेल्या नटनट्यांत मला तीच काय ती बरी वाटली.

तिसरा सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही असा. एक श्रीमंत कुटुंब सुट्टीसाठी डोंगरावरच्या बंगल्यात जातं. तिथं आजोबांपासून कुत्र्यापर्यंत सगळे गातात. गाणं संपलं की कुणीतरी कुणालातरी घास भरवतं, की लगेच पुढचं गाणं. भांडण होतं ते पण नटूनथटून. धंदा काय करतात, भांडी कोण घासतं, हे शेवटपर्यंत कळत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कसं बाई गुण्यागोविंदानं राहत्यात." या काकूंनी सख्ख्या जावेशी एका भिंतीवरून अबोला धरलेला, आणि तो आमच्या गल्लीतला सगळ्यात जुना अबोला होता.

दिवाळीला आलेली माझी धाकटी बहीण तिन्ही सिनेमांत झोपली. बसल्या जागी, भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून. पोरं तिच्याकडे बघून हसत होती. तिला सांगलीला देऊन दोन वर्षं होत आली होती. लग्नाआधी हीच बाई सिनेमा म्हटलं की ताटावरून उठायची, आणि नंतर आठवडाभर नायिकेसारखी मान वेळावून बोलायची. तिला झोपलेलं बघून मला बरं वाटलं नाही.

दिवाळी सरली, व्हीसीआर परत गेला, तरी ती सांगलीचं नाव काढीना. मग एका दुपारी चकल्यांचा डबा पुसता पुसता तिनं आईला सांगितलं, "आई, मी आता तिकडं जाणार न्हाई." आईनं कारण विचारलं. मारतात का? नाही. नवरा पितो का? तेही नाही, तो आईच्या शब्दाबाहेर नाही इतकंच. मग काय? तर तिला पोटभर जेवायला मिळत नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर सासू म्हणणार, आता तू बस. तोवर भांड्यात जे असेल ते. बऱ्याचदा नसायचंच. पुन्हा स्वयंपाक करायचा नाही, गॅस जळतो.

"आमीबी मागनंच जेवलो," आई म्हणाली. "म्हणून काय माहेरी येऊन बसलो व्हय? चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे."

मी म्हटलं, तू मागनं जेवायचीस तेव्हा पातेल्यात काहीतरी असायचं. हिचं मनगट बघ, बांगड्या कोपरापर्यंत जातायत. आई म्हणाली, "तू गप. संसारातलं तुला काय कळतंय?" वडील म्हणाले, बायकांचं बायकांनी बघावं, आणि पेपर उघडला. सिनेमातलं भाषण ऐकून ताठ झालेला माणूस तो हाच.

असं आठवडाभर चाललं. मी तोंड वाजवायची, आई मला गप करायची आणि बहीण चूल, पाणी, भांडी असं काहीतरी सतत करत राहायची, जणू काम थांबलं तर घालवून देतील. आईचं मन हेलकावे खात होतं, ते मला दिसत होतं. तिला लेकीला परत पाठवायचं नव्हतं. पण ठेवून घ्यायला तिला काहीतरी मोठं कारण हवं होतं, चारचौघांत सांगता येईल असं. मार, चटके, दारू. 'पोटभर जेवायला देत नाहीत' हे कारण तिला लाजिरवाणं वाटत होतं.

त्यातच विहीणबाई आल्या, सुनेला न्यायला. हातात पिशवी, पिशवीत लाडू-चकल्यांचा डबा, आणि तोंडात सिनेमा.

त्या वर्षी आमच्या आणि सांगलीच्या, दोन्ही जिल्ह्यांत एका रडक्या मराठी सिनेमानं उच्छाद मांडला होता. गावोगावच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कराडला यायच्या, ज्या ट्रॉलीतून एरवी कारखान्याला ऊस जातो त्याच. थिएटरवाल्यानं दुपारचा खेळ खास महिलांसाठी ठेवला होता, आणि रिक्षाला कर्णा बांधून, येताना टॉवेल आणा असं गावभर ओरडायला माणूस बसवला होता. सिनेमा चांगला की वाईट हे किती रडू आलं त्यावर ठरायचं. "कसा हाय पिक्चर?" विचारलं की उत्तर यायचं, "लय रडीवलं." झालं, यापुढे परीक्षण नाही.

विहीणबाईंनी तो सांगलीत दोनदा बघितला होता. चहाची कपबशी हातात आली तशी त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. "आवं विहीणबाई, त्या पोरीचे काय हाल केल्यात त्या सासूनं. माझ्यानं बघवंना. दोन दिस घास उतरला न्हाई बगा मला." सांगता सांगता त्यांचा पदर डोळ्याला गेला. खोटं नव्हतं ते. खोटं असतं तर मला इतका संताप आला नसता. माझी बहीण तिथंच, दाराशी उभी होती, कपबश्या न्यायला.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हिच्या डोक्यात उजेड पडेल. तर आईचा चेहरा मोकळा झालेला. विहीणबाई हातपाय धुवायला गेल्या तशी आई मला आत ओढून म्हणाली, "बघितलंस? परक्या सुनेसाठी जी बाई एवढी रडती, ती आपल्या सुनेचं वाईट करंल व्हय? मनानं मऊ हाय ती. आपलीच पोर हळवी हाय."

माझ्या आईइतकी व्यवहारी बाई मी पाहिली नाही. भाजीवाल्याच्या तागडीखालचा दगड तिला लांबून दिसायचा. पण रडणारं माणूस दिसलं की तिची अक्कल गहाण पडायची. आमच्या भागातल्या बायकांना रडणं म्हणजे चांगुलपणाचं सर्टिफिकेट वाटतं. मी म्हटलं, आई, ती पडद्यावरच्या सुनेसाठी रडते, कारण ती सून तिच्या ताटातलं मागत नाही. आई म्हणाली, तुझ्या जिभेला हाड नाही.

मग दोघींचं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ सगळ्यांनी मिळून बघायचा आणि तिथूनच सून घेऊन विहीणबाई सांगलीची गाडी धरणार. म्हणजे सिनेमा हाच समेट. बहिणीनं मुकाट्यानं पिशवी भरली. मी तिला म्हटलं, नाही म्हण. ती म्हणाली, "ताई, म्हणून झालंय की."

सिनेमा मी बघितला, म्हणून अधिकारवाणीनं सांगते की तो भिकार होता. सून इतकी सोशिक, की तिच्या पाठीवर चुलीतला निखारा ठेवला असता तरी तिनं सासूला विचारलं असतं, हात भाजला नाही ना. सासू भुवया उडवायची, प्रत्येक भुवईला ढोलकी वाजायची. नवरा गावाला गेलेला, आणि परत येतो तो गोष्ट संपवायलाच. सुनेला काही विचारलं की ती तुळशीशी जाऊन बोलायची. माणसाशी बोलली असती तर सिनेमा अर्ध्या तासात आटोपला असता. पण त्यात रडायला मिळालं नसतं. आजूबाजूला सगळं थिएटर हुंदके देत होतं. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. आमच्या रांगेत कडेला विहीणबाई, त्यांच्या शेजारी आई, मग मी आणि माझ्या पलीकडे पायाशी पिशवी घेऊन बहीण. पहिल्या दोघी धाय मोकलून रडत होत्या. आम्ही दोघी कोरड्या.

मध्यंतराच्या आधी तो प्रसंग आला, ज्यासाठी ट्रॉल्या भरून येत होत्या. सून रिकाम्या पातेल्याला चिकटलेली खरपुडी बोटानं काढून खाते. विहीणबाईंना तर उमाळा आवरेना. "आई गं, काय ही दशा लेकराची," म्हणाल्या, आणि दिवे लागले.

डोळे पुसत त्यांनी डबा उघडला. आईला लाडू दिला, मला दिला. पुढच्या रांगेतल्या अनोळखी बायकांना, "घ्या ओ, घरचंच हाय," म्हणून चकल्या दिल्या. त्यांच्या पोरांना दिल्या. मी माझा लाडू बहिणीपुढे धरला. तिनं घेतला नाही. हात मांडीवर, पदराखाली ठेवून ती बसली होती, नुसती वाट बघत. आईनं वाकून बघितलं. "अगं, घे की."

बहिणीनं लाडवाकडे नाही, सासूकडे बघितलं.

"ऱ्हाऊ द्या, विहीणबाई," त्या आईला म्हणाल्या. पापण्या अजून ओल्याच होत्या. "ती खाती मागनं. सवय लावलीया मी तिला." आणि डब्यात बघून म्हणाल्या, "संपलंच की. आता घरी गेल्यावर खाईल."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. आपली सून कशी वळणाची आहे ते त्या कौतुकानं सांगत होत्या. मी काहीतरी बोलणार होते, पण आईचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तो इतका जोरात दाबला गेला की मी गप्प बसले. दिवे गेले. पुढचा सगळा सिनेमा आई रडली नाही. सुनेवर चोरीचा आळ आला, सासूच्या अंगावरून वारं गेलं, सुनेनं तिची सेवा केली, सासूनं कमरेच्या किल्ल्या सुनेच्या हातात ठेवल्या, थिएटर कोसळायच्या बेताला आलं, आणि माझी आई हातात अर्धा लाडू धरून पडद्याकडे बघत होती. जणू पडद्यावर काही चाललेलंच नाही.

बाहेर ट्रॉल्या उभ्या होत्या, सुजलेल्या डोळ्यांच्या बायका चढत होत्या. विहीणबाई नाक पुसत म्हणाल्या, "चल गं, उचल पिशवी. गाडी चुकंल."

पिशवी आईनं उचलली. "ती येत न्हाई," म्हणाली.

"आज न्हाई व्हय? मग कवा येऊ न्यायला?"

"येऊच नगा."

विहीणबाईंनी आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, कारण असलं काही झालं की माझ्याकडेच बघायची पद्धत होती. त्यांना खरंच काही कळत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमास्नी पिक्चर आवडला न्हाई वाटतं. आवं, शेवट तर गोड हाय की."

आई पिशवी घेऊन वळली. आठवडाभर मी एवढी अक्कल पाजळली होती, त्यातलं एक वाक्यही तिच्या उपयोगी पडलं नव्हतं. त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. आम्ही तिघी चालू लागलो. थिएटरच्या कोपऱ्यावर भजीचा गाडा होता. आई रस्त्यावर उभं राहून कधी खात नसे, खाणाऱ्यांना नावं ठेवत असे. ती गाड्याशी थांबली, एक प्लेट घेतली आणि बहिणीच्या हातात दिली.

"खा आदी तू," म्हणाली.

बहिणीनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघितलं, आमच्या हातात काय आहे ते बघितलं. मग एक भजं तोंडात घातलं. मग भराभर खायला लागली, गरम होती तरी, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी. आम्हाला खाता का म्हणून विचारलंसुद्धा नाही. प्लेट संपली. आईनं आणखी एक सांगितली, आणि तीही तिच्याच हातात दिली.