होसकोटेच्या वाटेवर जाम झालेली स्कूटर

बेंगळुरूच्या त्या सहलीबद्दल मी आजवर पुष्कळ बोललो आहे. बागा, मेट्रो, फिल्टर कॉफी, सगळं सांगून झालं. होसकोटेचा विषय निघाला की मात्र मला खोकला येत असे. आता पंचाहत्तरी उलटली आणि खोकला खरोखरच येऊ लागला, म्हणून सांगून टाकतो.

माझे साडू कृष्णराव बेंगळुरूतल्या चामराजपेटचे. त्यांचं घराणं तिथे इतकं जुनं, की सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि ते मराठीत ‘स्वल्प’ (थोडं) आणि ‘सरी’ (बरं) पेरल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांची स्कूटर चाळीस वर्षांची. तिचं इंजिन वाऱ्यावर थंड राहतं. बाजूच्या जाळीतून पंखा हवा ओढतो आणि इंजिनावर फुंकतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे समजावलं. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथे आयुधपूजा असते. गल्लीतल्या प्रत्येक वाहनाला केळीचे खांब आणि हार, रिक्षांपुढे कोहळे फुटतात. अण्णा हँडलला हार घालून आत गेले. मला स्कूटरची एक बाजू ओकीबोकी वाटली. पाहुण्यानंही हातभार लावावा, म्हणून मी मूठभर झेंडू त्या जाळीत कोंबला. काही फुलं आत पडली. म्हटलं, देवाला पोचली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, बायकांना ‘फिरून येतो’ सांगून, आम्ही दोघं स्कूटरवरून शहराबाहेरच्या होसकोटेला निघालो. तिथे भल्या पहाटे लाकडांवर शिजलेली मटण बिर्याणी मिळते. उशिरा जाणाऱ्याला रिकामं पातेलं बघायला मिळतं.

इंजिन सांभाळायची अण्णांची एक रीत होती. मधूनमधून थांबायचं, इंजिनावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब गुमान ओघळला तर पुढे जायचं. ‘चर्र’ झालं तर इंजिन निवेपर्यंत बाय-टू, म्हणजे एका कॉफीचे दोन वाटे.

“आज थेंब टाकायच्या आधीच चर्र व्हायलंय,” अण्णा म्हणाले.

चौथ्या बाय-टूनंतर मला बिर्याणीपेक्षा वेगळीच निकड होती. तेवढ्यात इंजिन किंचाळलं, मागचं चाक आवळलं आणि आम्ही घसरत घसरत रस्त्याकडेच्या शहाळ्यांच्या ढिगात जाऊन बसलो. शहाळीवाल्यानं शांतपणे कोयता उचलून विचारलं, “एळनीर बेका?” (शहाळं हवं का?)

“जाम!” अण्णा ओरडले. “नंजुंडप्पानं पेट्रोलात ऑइल कमी घातलं!”

नंजुंडप्पा म्हणजे त्यांचा मेकॅनिक आणि तीस वर्षांचा दोस्त. असल्या जुन्या स्कूटरला पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं, कमी पडलं तर इंजिन जाम होतं; पूजेआधी स्कूटर त्यानंच तयार केली होती.

अण्णा टेम्पो शोधायला गेले. मी जाळीत डोकावलो. पंख्यात लगदा झालेला झेंडू, इंजिनाला चिकटून काळ्या झालेल्या पाकळ्या. वाऱ्याचा तो सगळा धडा मला तेव्हा कळला. हाताला लागला तेवढा झेंडू मी उपसला आणि मागे वळलो, तर अण्णा उभे.

“हातात काय?”

“प्रसाद,” मी म्हणालो.

त्यांनी एक करपलेली पाकळी घेतली, डोळ्यांना लावली आणि कानामागे खोवली.

टेम्पोतून स्कूटर परत आणली, तेव्हाही कानामागे ती पाकळी तशीच, आणि अण्णा नंजुंडप्पाच्या दुकानात त्याच्यावर बरसत होते. त्यानं पाकळीकडे बघितलं असतं तरी पुरे होतं. तो खाली मान घालून म्हणाला, “ऑइल मी मोजून घातलं, अण्णा. स्वल्प उघडून बघतो. दहा मिनिटं.”

अण्णा घुटमळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आता उघडून काय होणार?” मी म्हणालो. एवढंच.

अण्णांनी स्कूटर घरी नेऊन झाकून ठेवली. रोज संध्याकाळी दुकानाच्या बाकावर एकमेकांना शिव्या देत बसणारे ते दोघं त्यानंतर बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात पुन्हा बेंगळुरूला गेलो. रेल्वेत वाटभर ‘तप्पु नन्नदु’ (चूक माझी) घोकलं. समोरच्या बाई दर खेपेला “असू दे हो,” म्हणाल्या.

नंजुंडप्पा त्याच दुकानात होता. आता नुसती पंक्चरं काढतो. त्यानं मला ओळखलं, बाक पुसून दिला. अण्णांच्या संगतीत शिकलेल्या मोडक्या मराठीत म्हणाला, “इंजिनाला आता हात लावत नाही, सार. त्या दिवशी ऑइल मोजताना चुकलंच असणार. अण्णा खोटं बोलत नाही. तुम्ही सांगा त्यांना, माझी चूक.”

मी तोंड उघडलं. घोकलेले दोन शब्द कुठे गेले कोण जाणे.

“सरी,” मी म्हणालो. “सांगतो.”

परतीच्या गाडीत समोर कोणी बसलं नव्हतं. त्या रिकाम्या बाकाला मी सगळं स्पष्ट सांगितलं: नंजुंडप्पा, तुझं ऑइल बरोबर होतं. तप्पु नन्नदु.