आधी उमाणं, मग घास

शब्दकोडं सोडवणाऱ्या माणसाला एक गर्व असतो, आणि माझ्यात तो मूठभर जास्तच आहे. सकाळी पेपर आला की कोड्याचं पान आधी माझं, उरलेला पेपर नवऱ्याचा. लॉकडाऊनमध्ये पेपर यायचा बंद झाला तेव्हा घरात ज्याला त्याला कसली ना कसली काळजी होती. मला कोड्याची होती. मग मीच चौकटी आखायला लागले. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतल्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी माझं कोडं जायचं. आडवा शब्द, सहा अक्षरी: घरातल्या घरात वनवास. उत्तर, विलगीकरण. उभा शब्द, चार अक्षरी: हिच्याशिवाय दूध आणायला जाता येत नाही. उत्तर, मुखपट्टी. निम्म्या बायका तिथं ‘मास्क’ भरायच्या आणि दोन चौकटी रिकाम्या का राहिल्या म्हणून माझ्याशीच भांडायच्या.

आमच्या आत्यांना या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. करमाडजवळच्या खेड्यात त्यांचं माहेर. त्यांच्याकडं कोड्याला उमाणं म्हणतात, आणि ते कागदावर नसतं, तोंडात असतं.

“तुझं कोडं मुकं हाय,” त्या म्हणायच्या. “कागद फाटला की मेलं.”

मी ऐकून घ्यायचे आणि चौकटी आखत बसायचे.

दुसऱ्या लाटेत मामांना ताप आला. तपासणी झाली, आणि माझा सहा अक्षरी शब्द आमच्याच घरात येऊन बसला. गच्चीवरच्या खोलीत मामांची खाट टाकली. घरातूनच जिना वर जातो, त्याच्या वळणावर मी डबा ठेवायचे. मी खाली उतरले की मामा येऊन तो उचलायचे. त्यांचं ताट-वाटी वरच, विसळायचेही तेच. खाली आम्ही तिघं उरलो: मी, नवरा आणि आत्या.

मामांच्या तोंडाची चव गेली. आयुष्यभर जेवणाला नावं ठेवायचं सुख भोगलेला माणूस. मीठ कमी आहे, वरण पातळ आहे, हे म्हटल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटायचं नाही. आता नाव ठेवायलाही काही लागेना. डबे जसेच्या तसे परत यायला लागले. डॉक्टर फोनवर म्हणाले, औषध चालू आहे, पण पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर माणूस हातचा जाईल. दवाखान्यात खाटा कुठंच मिळत नव्हत्या. नवरा वर तोंड करून विनवायचा, मी दटावायचे. वरून एकच उत्तर, “जेवण जाईना. बेजार करू नका.”

तेव्हा आत्या उठल्या आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसल्या. पदर खोचला आणि ओरडल्या, “आधी उमाणं, मग घास!”

हे वाक्य घरात नवं नव्हतं. त्यांच्या गावात लग्नाच्या पंगतीत नवरदेवानं पहिला घास उचलला की करवल्या त्याचा हात धरत आणि उमाणं घालत. सुटेपर्यंत जेवायचं नाही, आणि सुटलं की जेवायलाच लागायचं. उमाणं सोडवून उपाशी उठणं म्हणजे मांडवाचा अपमान. मामांना त्यांच्या लग्नात उमाणं सुटलं नव्हतं. मुठीत घास धरून ते बसून राहिले, आणि साऱ्या पंगतीचा भात निवला. पुढं जन्मभर आत्या ते ऐकवत आल्या आणि मामा म्हणत आले, “येत होतं मला. तुमच्याच पोरी गलका करायल्या होत्या.”

आत्यांनी वरून उत्तराची वाट पाहिली नाही.

“बोटाला चावतंय, रगत काढीत नाय. आकडा सांगतंय, शाळा शिकलं नाय. सांगा.”

खोकल्याची एक उबळ आली. मग मामांचा चिडका आवाज, “ऑक्सिमीटर. हे काय उमाणं झालं? लेकरूबी सांगील.”

“सुटलं ना? मग जेवा.”

डबा उघडल्याचा आवाज आला. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मी उगाच गॅस पुसायला लागले.

त्या दिवसापासून दोन्ही वेळेला उमाणं सुरू झालं. ही आत्यांच्या माहेरची जुनी उमाणी नव्हती, रोज ताजी होती. भाजी निवडता निवडता त्या ओठ हलवत बसायच्या, मी विचारलं तर, “गप, जुळवू दे.” मास्कवर जुळवलं: कानाला लटकतंय, दागिना नाय, तोंड झाकतंय, पदर नाय. पुण्याहून नणंद व्हिडिओ कॉल करायची, त्याच्यावर केलं: घरात आली, उंबरा ओलांडला नाय, पोटभर बोलली, चहा प्याली नाय. हे ऐकून मामा हसले. खोकत खोकत का होईना, हसले. त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त गेली. माझ्या चौकटींवर गल्लीतल्या बायका अंगठा पाठवायच्या. आत्यांच्या उमाण्यावर माणूस जेवत होता. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

पण दुखणं उमाण्यानं हटत नाही. ताप पुन्हा चढला. बोटाला चावणाऱ्या त्या डबीतला आकडा उतरून त्र्याण्णव-ब्याण्णववर घुटमळायला लागला. एका दुपारी आत्यांनी उमाणं घातलं आणि वरून काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा घातलं. मग मामांचा बारीक आवाज आला, “आता नको गं. ना उमाणं, ना घास.”

डबे पुन्हा भरलेले परत यायला लागले. आत्या मात्र जेवायच्या वेळी पायरीवर जाऊन बसायच्या, काही न बोलता. आमचं वाढून व्हायचं. “तुम्ही बसा, मी मागून जेवते,” त्या म्हणायच्या. त्या आयुष्यभर मागूनच जेवत आल्या आहेत, त्यामुळं त्यात काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

असेच दोन-तीन दिवस गेले असतील. दुपारी आमची जेवणं उरकली होती, आत्या पायरीवर होत्या. वरून मामांची हाक आली.

“ऐकती का? आज मी घालतो उमाणं.”

आत्या दचकून उभ्या राहिल्या. “तुम्हाला कुठं येतं?”

“येतं का नाय बघ.” एकेका तुकड्यावर थांबून, दम घेत मामा बोलत होते. “तीन माणसं खाली राहत्यात. मागच्या भिंतीला दोनच ताटं वाळत्यात. कालबी दोन, परवाबी दोन. सांग, तिसरं ताट कुठं गेलं?”

वरच्या खोलीची खिडकी मागच्या अंगणावर आहे. तिथं आम्ही भांडी घासतो आणि ताटं भिंतीला टेकवून उन्हात वाळवतो. पडल्या पडल्या मामांना तेवढंच दिसत असणार.

“घासायचं राहिलं असंल,” आत्या म्हणाल्या.

“चूक.”

“सुनेचा उपास हाय.”

मी दोन पोळ्या खाऊन नुकताच हात धुतला होता.

“चूक. तिला उपास निघत नाय, साऱ्या गल्लीला ठावं हाय. खरं उत्तर दे. नियम तुझाच हाय.”

मी मांडणीकडं पाहिलं. काठाला चेपलेलं आत्यांचं ताट तळाशी होतं, कोरडं ठाक. चहा आणि बिस्किटावर ही बाई उभी होती, आणि तिच्याच ओट्याशी वावरत असून मला पत्ता नव्हता. मला राग आला, इतका की ते ताट आपटावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी रडूही आलं.

आत्यांनी जिन्याचा कठडा धरला. मग वर न बघताच म्हणाल्या, “तुमच्यासंगं वर गेलंय ते. तुम्ही खाल्लं की खाली येईल.”

वरून मामांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

“सुटलं,” ते म्हणाले. “उमाणं सुटलं की जेवायलाच लागतं. घे ताट.”

“तुम्ही आधी.”

“दोघं बरोबर.”

मी वरणभात कालवून डबा वळणाऐवजी थेट वरच्या दाराशी ठेवला आणि आत्यांचं ताट त्यांच्या हातात दिलं. मामा भिंतीला धरून दारापर्यंत आले आणि तिथंच जमिनीवर बसले. आत्या खालच्या पायरीवर. मध्ये अख्खा जिना. मामा घास घ्यायचे आणि म्हणायचे, “घेतला.” मग आत्या घ्यायच्या. मामांना चार घासांच्या वर गेलं नाही, पण ते चार गेले. आत्यांचं ताट मी स्वतः घासलं आणि भिंतीला सगळ्यात पुढं, मामांच्या खिडकीतून नीट दिसेल असं टेकवलं. थोड्या वेळानं वर खिडकीच्या गजावर चमचा वाजला.

मामा वाचले. औषधानं, का त्या चार-चार घासांनी, हे मला सांगता यायचं नाही, आणि डॉक्टरांनाही मी विचारलं नाही. आकडा हळूहळू चढला, आणि पुढं केव्हातरी मामा भिंतीला धरून जिना उतरून खाली आले. जेवायला बसल्यावर पहिल्याच घासाला म्हणाले, “वरण पातळ हाय.” आत्यांनी डोळे पुसले.

आता पेपर येतो, कोड्याचं पान माझंच असतं, ग्रुपवर आता नुसती सुविचारांची गर्दी. आत्या पूर्वीसारख्याच सगळ्यांना वाढून ओट्याशी घुटमळत राहतात. मामा घास कालवतात, उचलतात, मग पाटांवरून एकवार नजर फिरवतात. चेपल्या काठाचं ताट दिसलं नाही की तो घास मुठीत तसाच राहतो.

“मी मागून बसते म्हणलं ना,” आत्या करवादतात. “ते उमाणं कवाच सुटलं. गिळा आता.”

“आधी ताट,” मामा म्हणतात.

आत्या येऊन बसेपर्यंत भात निवतो. मामा निवू देतात.