सरकारी कॉलेजवाले स्वामीमामा

समोरच्याचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर द्यायचं, ही स्वामीमामांची सवय होती. आम्ही मद्रासला राहायला आलो त्या दिवशी गाडीतून सामान उतरत होतं आणि माझ्या वडिलांनी समोरच्या ओट्यावर बसलेल्या या गृहस्थांना विचारलं, "इथं दूध कुठं..." तेवढ्यात मामांची नजर माझ्यावर पडली.

"पोरीचें वय काय? बारा? मग चार वर्षें आहेत अजून. समुद्रावरच्या सरकारी कॉलेजांत घाला. दुसरीकडे पाहूं नका."

वडिलांनी मान डोलावली. दूध कुठं मिळतं ते आईनं संध्याकाळी मामींना विचारून घेतलं.

वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते आणि बदली होऊन आम्ही पुण्याहून आलो होतो. तिरुवल्लिक्केणीच्या त्या गल्लीत आपल्याशी कोणी मराठी बोलेल असं आम्हांला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मामा तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी दक्षिणेत उतरले ते तिथलेच झाले. त्यांची मराठी जुन्या बखरीतली आणि चाल मात्र तमिळ, वाक्याच्या शेवटी हळूच वर चढणारी. आई सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसायची. सहा महिन्यांत तीच भाजीवाल्याशी 'बरं, बरं'च्या जागी "सरि, सरि" करायला लागली आणि हसण्याची पाळी मामींची आली.

मामा किल्ल्यातल्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. सरकार या गोष्टीवर त्यांची जी श्रद्धा होती ती पाहून खुद्द सरकारलाही अवघडल्यासारखं झालं असतं. सरकारी शाई लवकर वाळते, सरकारी नळाचं पाणी डाळ शिजवायला चांगलं, सरकारी सुट्टीच्या दिवशी हवा बरी असते. कॉलेजांचा विषय निघाला की मात्र मामा गंभीर व्हायचे. शहरात दोन्ही प्रकारची नावाजलेली कॉलेजं होती, सरकारी आणि मिशनची, आणि कोणाला कोणतं चांगलं यावर घराघरांत वाद चालत. आमच्या गल्लीत वाद नव्हता, कारण मामा होते.

"खाजगी कॉलेज म्हणजे परक्याच्या घरचें जेवण," ते म्हणायचे. "गोड असेल. पण वाढणाऱ्याच्या मनावर आहे. सरकाराचें जेवण अळणी असेल, पण पान उचलून नेणार नाहीत."

शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे निकाल लागले की त्यांच्या ओट्यावर पालकांची रीघ लागे. मामा अंगात बनियन, कपाळावर गंध आणि हातात ताडाचा पंखा अशा थाटात बसत. मामी आतून कापीचे, म्हणजे कॉफीचे, पेले पाठवत राहत. मुलगा कशात हुशार आहे, त्याला काय व्हायचंय, असले प्रश्न मामा विचारत नसत. त्यांची गरजच पडत नसे. एकदा पोस्टमास्तर रंगनाथन यांनी मामांचं न ऐकता आपल्या मुलाला पाद्र्यांच्या कॉलेजात घातलं. पुढं तो मुलगा पहिल्या वर्गात पास झाला आणि गिंडीला एका नव्या कारखान्यात चांगल्या जागेवर लागला. रंगनाथन पेढे घेऊन आले तेव्हा मामांनी पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाले, "मुलगा मुळांत इतका हुशार, त्या कॉलेजाच्यानें बिघडला नाहीं."

मामांना एकुलती एक मुलगी, कमला. माझ्याच वर्गात होती. अतिशय कमी बोलायची. तिचं लक्ष नेहमी जमिनीकडे असे, म्हणून बायका तिला विनयशील म्हणत. खरं कारण वेगळं होतं. जमिनीवर काय उगवलंय ते ती बघत असे. समुद्रावर फिरायला गेलं की आम्ही बाकीच्या पाण्यात पाय घालायचो आणि कमला लाटांनी टाकलेल्या हिरव्या-तांबड्या झिपऱ्या गोळा करून दावणीच्या, म्हणजे तिकडच्या मुलींच्या अर्ध्या साडीच्या, पदरात बांधून आणायची. त्या वासानं मामी वैतागायच्या.

आम्ही दोघी चांगल्या गुणांनी पास झालो आणि दोघींनाही दोन्ही कॉलेजांत प्रवेश मिळाला. समुद्रावरच्या सरकारी कॉलेजातही आणि मिशनच्या बायकांच्या खाजगी कॉलेजातही. माझा प्रश्न चार वर्षांपूर्वीच सुटलेला होता. मला इतिहास घ्यायचा होता, सरकारी कॉलेजचं ग्रंथालय उत्तम होतं आणि मी खूश होते. कमलाचाही प्रश्न सुटलेलाच आहे असं सगळी गल्ली धरून चालली होती.

रविवारी सकाळी मामा ओट्यावर पेपर वाचत होते आणि मी कमलाबरोबर पायरीवर बसले होते. ती एकदम म्हणाली, "अप्पा, मी मिशनच्या कॉलेजांत जातें."

मामांनी पेपर खाली केला. "कां?"

"तेथें एक टीचर आहेत. समुद्रांतल्या शेवाळावर काम करितात. त्या शाळेत बोलायला आल्या होत्या. मला तें शिकायचें आहे."

"शेवाळ," मामा म्हणाले. त्यांनी पेपराची घडी घातली. "न्हाणीत होतें तेंच की दुसरें?"

"त्याच्याच नात्यांतलें."

"दर शुक्रवारीं तुझी आई विटेनें घासून काढिते. आणि तूं तें शिकायला कॉलेजांत जाणार."

"हो, अप्पा."

ते रागावले असते तर आम्हांला समजलं असतं. पण ते पेपर उचलून आत निघून गेले. त्या आठवड्यात सल्ला विचारायला आलेल्या दोन पालकांना त्यांनी "उद्यां या" म्हणून परत पाठवलं आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. मामी आईला सांगून गेल्या की ते जेवताना भातात रसम कालवायचं विसरतात. मामांची अडचण आमच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. सबंध गल्लीची मुलं ज्यांनी सरकारच्या पदरात घातली, त्यांची स्वतःची मुलगी खाजगीत गेली, तर ओट्यावर बसायचं कोणत्या तोंडानं? रंगनाथन तर रोज संध्याकाळी विनाकारण त्या बाजूनं फिरायला जाऊ लागले होते.

शेवटी मामांनी निर्णय घेतला. सरकारी माणूस प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय शेरा मारत नाही. त्यांनी रजा काढली, कोट चढवला आणि आम्हां दोघींना बरोबर घेतलं. मला का, तर "तूं सरकारची बाजू आहेस."

आधी समुद्रावरच्या कॉलेजात गेलो. तिथं मामांना घरी आल्यासारखं झालं. त्यांनी भिंतींची जाडी हातानं मोजून दाखवली, खिडकीतून येणारा वारा दाखवला, जणू दोन्ही त्यांच्याच कचेरीतून मंजूर झाले होते. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकबाई प्रेमळ होत्या. कमलानं त्यांना शेवाळाबद्दल विचारलं. "आहे की," त्या म्हणाल्या, "शेवटच्या वर्षाला एक धडा आहे." त्यांच्या मागच्या खिडकीतून सगळा समुद्र दिसत होता.

"एक धडा पुरे आहे," मामा मला हळूच म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

मग बस बदलून मिशनच्या कॉलेजात पोचलो. तिथं समुद्र नव्हता, नुसती मोठाली झाडं होती. प्रयोगशाळेत मिस एस्तेर भेटल्या. काळ्यासावळ्या, ठेंगण्या बाई, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात एका पत्र्याच्या तबकात बुडालेले. पहाटे समुद्रावर जाऊन आणलेलं काहीबाही त्या पाण्यात सोडवून ठेवत होत्या. मामांचा कोट त्यांना दिसलाच नाही. त्यांनी कमलाला जवळ बोलावलं आणि तबकातलं एक तांबडं पीस बोटावर उचलून विचारलं, "हे कुठं पाहिलंयस?"

मामा पुढं झाले. "माझी मुलगी शाळेंत..."

"एक मिनिट सर," बाई त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "ती सांगत्येय."

आणि कमला खरंच सांगत होती. दीपगृहाच्या बाजूला वादळानंतर हे जास्त येतं, वाळलं की रंग जातो, मिठाच्या पाण्यात ठेवलं तर टिकतं, हिरवं काठाशी असतं मग हे तांबडं कुठून येतं. ती तमिळमध्ये बोलत होती, मधेच इंग्रजी, एखादा शब्द मराठीही. बाई मधे मधे विचारत होत्या, कधी "नाही, तसं नाही" म्हणत होत्या आणि कमला वाद घालत होती. मी चार वर्षं तिच्या शेजारी बसले होते, पण तिला वाद घालताना पाहिलं नव्हतं. मामा तिची छत्री हातात धरून भिंतीशी उभे होते. त्यांना कोणी खुर्ची दिली नाही आणि त्यांनीही मागितली नाही.

परतताना आमच्या थांब्यावर उतरल्यावर कमला पुढं गेली, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"सुमे, कमळी एवढें बोलते?"

"मलाही माहीत नव्हतं, मामा."

"घरीं तर बोलत नाहीं."

त्यांनी कमलाची छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाले, "घरीं मी बोलतों."

कमला मिशनच्या कॉलेजात गेली. त्या संध्याकाळी रंगनाथन ओट्यावर आलेच. मामांनी त्यांना बसवलं, कापी दिली आणि ते विचारायच्या आत उत्तर सुरू केलं. खाजगी कॉलेजाला मान्यता कोण देतं? सरकार. अनुदान कोण देतं? सरकार. परीक्षा कोणाची? विद्यापीठाची. आणि विद्यापीठ कोणाच्या कायद्यानं चालतं? तेव्हा नीट पाहिलं तर ते कॉलेजही एका अर्थी सरकारीच, फक्त फळा दुसऱ्यानं पुसायचा. रंगनाथन सज्जन माणूस. "आमां, आमां," म्हणजे हो, हो, असं म्हणत त्यांनी कापी संपवली. घरी जाऊन मात्र ते पोटभर हसले असणार.

मुलीला मामांनी एकच अट घातली. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्या दिवशी काय शिकवलं ते तिनं सांगायचं. "खाजगी संस्था आहे. तपासणी हवी." कमला सांगू लागली. पहिले काही दिवस मामा दर वाक्याला अडवत. "थांब, हें मला ठाऊक आहे," म्हणत आणि न्हाणीतल्या शेवाळाचा अनुभव सांगत. कमला थांबायची, त्यांचं संपेपर्यंत वाट पाहायची आणि जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू करायची. हळूहळू मामांचं अडवणं कमी झालं. ते पंखा मांडीवर ठेवून ऐकत. मधेच हेडक्लार्काचा प्रश्न येई. "याला मूळ नाहीं म्हणतेस, तर खडकावर कोणाच्या परवानगीनें बसलें आहे?" कमला हसून उत्तर द्यायची. मामी आतून हाका मारून थकायच्या, पानं वाढलेली असायची आणि बापलेक समुद्राच्या तळाशी असायचे.

मला माझ्या कॉलेजाबद्दल मामांनी एकदाही काही विचारलं नाही. ते सरकारी होतं, तिथं सगळं ठीकच असणार.

बी.ए. झाले आणि वडिलांची बदली परत पुण्याला झाली. पुढं माझं लग्न झालं, संसार सुरू झाला. कमलाची वर्षातून दोन-तीन पत्रं यायची. तिनं एम.एस्सी. केलं, निवड होऊन सरकारी नोकरीत लागली आणि नेमणूक मिळाली ती समुद्रावरच्या माझ्याच कॉलेजात. लग्न होऊन सासरी गेली तेही दोनच गल्ल्या पलीकडे. कॉलेजातून घरी जाताना ती रोज आधी ओट्यावर थांबायची.

काही वर्षांनी यजमानांबरोबर मद्रासला जायचा योग आला तेव्हा मी मामांकडे गेले. ते निवृत्त झाले होते आणि फार वाळले होते, पण ओटा तोच होता आणि गंधही तसंच. मला पाहताच म्हणाले, "पाहिलीस, सुमे? शेवटीं आली कीं नाहीं सरकारांत?" मग माझ्या यजमानांकडे वळले. यजमान बँकेत होते आणि शेवाळाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी केवळ सभ्यपणानं विचारलं, "मुलगी कोणता विषय..."

पुढचा अर्धा तास मामांनी आम्हांला समुद्रातल्या शेवाळाची सगळी व्यवस्था समजावून दिली. हिरवं काठाजवळ राहतं, तपकिरी त्याच्या खाली आणि तांबडं सर्वांत खोल. कारण काय? हिरव्यानं वरची जागा आधी धरली. सीनियॉरिटी. तांबडं उशिरा भरती झालं, त्याला तळमजला मिळाला, उजेड कमी, म्हणून त्यानं रंग बदलून घेतला, आहे त्यात भागवायला. ते हातवारे करून सांगत होते, दम लागला की थांबत होते, पुन्हा सांगत होते. कमला कॉलेजातून येऊन दाराशी उभी होती. तिनं त्यांना एकदाही दुरुस्त केलं नाही.

त्याच वर्षी मामा गेले. मी भेटायला गेले तेव्हा मामी आत निजल्या होत्या. कमला आणि मी पायरीवर बसलो. मी विचारलं, "मामांनी यांना त्या दिवशी जे सांगितलं, ते बरोबर होतं का गं?"

कमला थोडी हसली. तिचे डोळे भरले होते.

"अर्धें चूक होतें," ती म्हणाली. "पण अप्पांनी तें सगळें माझ्याचकडून ऐकलें होतें."